पाळीच्या आधीचे आठ दिवस
(राजुरा येथे विवाहित जोडप्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कुटुंब नियोजनाचा मेळावा म्हटला की काय ऐकायला मिळणार, हे तुम्हांला तोंडपाठ झाले आहे. दोन मुलांत अंतर ठेवा, तांबी बसवून घ्या, गोळ्या घ्या, दोघांपैकी एकाने शस्त्रक्रिया करून घ्या. हे सगळे आजही सांगायचे आहेच. पण त्याआधी एक अशी गोष्ट सांगते, जी मेळाव्यात कोणी बोलत नाही, आणि जिच्यापायी काही घरांत तांबी निघते, गोळ्या उकिरड्यावर जातात आणि नको असताना दिवस राहतात.

माझ्याकडे एक जोडपे आले होते. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. तीन एकर रान, पऱ्हाटी आणि तूर. दोन मुले, धाकटा चार वर्षांचा. नवरा म्हणाला, "मॅडम, इची तांबी काढून टाका. तांबी बसवली तवापासून इचं डोकं फिरलं. महिन्यातले आठ दिवस घरात कोणाले राहू देत नाही." बाई खाली मान घालून बसलेली. मी तिला विचारले, तांबी बसवण्याच्या आधी असे होत नव्हते का? बराच वेळ ती बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "लग्नाच्या आधीपासून होते जी. माह्या मायले माहीत आहे. फक्त दोन्ही लेकरांच्या वेळी पोटुशी होती तवा लय बरी होती."

या शेवटच्या वाक्यात सारे निदान होते. ते कसे, हे आता समजावून सांगते.

बाईच्या ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. पुढची पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी त्यांतून एक बीज बाहेर पडते. त्यानंतर शरीरात संप्रेरके, म्हणजे डॉक्टर ज्यांना हार्मोन म्हणतात ती, वाढतात. गर्भ राहिला नाही तर ती उतरतात आणि पाळी येते. हा चढ-उतार प्रत्येक बाईत दर महिन्याला होतो. पुष्कळ जणींना त्या दिवसांत छाती दुखते, पोट फुगते, थोडी चिडचिड होते. तो आजार नव्हे. पण शंभर बायकांत साधारण तीन ते आठ अशा असतात की त्यांच्या मेंदूला हा चढ-उतार सोसत नाही. त्यांच्या अंगात हार्मोन जास्त असतात असे नाही. तितकेच असतात. एकाच भाजीतले तिखट एकाला चालते आणि दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढते, तशी ही गोष्ट आहे.

अशा बाईला पाळीच्या आधी आठ-दहा दिवस संताप अनावर होतो. कारण नसताना रडू कोसळते. जीव घाबरा होतो, झोप येत नाही किंवा सारखी झोप येते, काम सुचत नाही. आपण कोणाच्या कामाच्या नाही, मेलेले बरे, असे वाटू लागते. पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत आभाळ मोकळे व्हावे तसे सारे निघून जाते. मग तिलाच लाज वाटते की आपण सासूला असे कसे बोललो, लेकराला का मारले. ती मनाशी ठरवते, पुढच्या महिन्यात असे करायचे नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दोष तिच्या ठरवण्यात नाही.

हे काही नवीन खूळ नव्हे. १९३१ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक नावाच्या डॉक्टरांनी पाळीच्या आधी येणाऱ्या या त्रासाविषयी लिहिले. १९५३ साली इंग्लंडात रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन या दोन डॉक्टरांनी त्यावर निबंध छापला. या दुखण्याचा जो तीव्र प्रकार आहे, त्याला २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांनी आपल्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून घेतले, आणि २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने मंजूर केलेल्या रोगांच्या यादीतही तो आहे. म्हणजे जो त्रास तुमच्या घरात "इचा स्वभावच असा" म्हणून सोडून दिला जातो, त्याला जगभर नाव आहे आणि औषध आहे.

आता त्या बाईच्या शेवटच्या वाक्याकडे या. पोटुशी असताना ती बरी का होती? कारण दिवस राहिले की महिन्याचा चढ-उतार थांबतो. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना जोपर्यंत पाळी येत नाही, तोपर्यंतही तो थांबलेला असतो. म्हणून अशा घरांत एक समजूत पसरते: "इले लेकरू झालं की ही बरी राहते." मग तिसरे, चौथे. बंधूंनो, हे औषध नव्हे. मूल झाले, पाळी परत आली की दुखणेही परत येते. तोवर घरात एक तोंड वाढलेले असते आणि बाईचे रक्त कमी झालेले असते. शिवाय ज्यांना हा त्रास आहे, त्यांतल्या काहींना बाळंतपणानंतर मन फार खचण्याचा धोकाही जास्त असतो. बाळंतिणीची झोप उडाली, ती बाळाकडे बघेना, सारखी रडू लागली, तर "ओली बाळंतीण आहे, होते असे" म्हणून थांबू नका.

आणि तांबी? तांबीत हार्मोन नसते. तांब्याची बारीक तार असते. तांबीने काही जणींना सुरुवातीचे महिने रक्त जास्त जाते, पोटात दुखते, हे खरे. ते होत असेल तर येऊन दाखवावे. पण तांबी डोक्यात जात नाही, मन बिघडवत नाही. त्या बाईला मी सांगितले की तांबी ठेवायची की काढायची हे तू ठरव, तू म्हणशील तर आत्ता काढते. पण दोन महिने थांबलीस तर खरे काय ते कळेल. ती थांबते म्हणाली.

त्यांना मी जे करायला सांगितले, ते तुम्हांलाही सांगते. घरात भिंतीवर दिनदर्शिका असतेच. ज्या दिवशी पाळी आली त्या तारखेला गोल करायचा. मग रोज रात्री निजण्याआधी बाईने स्वतः त्या दिवसाच्या चौकटीत खूण करायची. दिवस चांगला गेला तर शून्य. थोडा त्रास झाला तर एक रेघ, जास्त झाला तर दोन, आणि काही सुचलेच नाही असा दिवस असेल तर तीन. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, रेघ कोणालाही ओढता येते. नवऱ्याने तिच्या खुणा आपल्या हाताने भरू नयेत. त्याला वाटले तर त्याने वेगळ्या कागदावर आपल्या खुणा कराव्यात. असे सलग दोन पाळ्या करायचे. "आठवून सांगतो" म्हणून चालत नाही. भांडण झालेला दिवस माणसाच्या लक्षात राहतो, शांत गेलेले वीस दिवस राहत नाहीत.

दोन महिन्यांनी ते दोघे दिनदर्शिका गुंडाळून घेऊन आले. पाहताच कळत होते. दोन्ही वेळा गोलाच्या आधी आठ-नऊ दिवस रेघांची दाटी, आणि पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून शून्यच शून्य. नवरा त्या कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "मले वाटे हे महिनाभर असतं." पहिल्या महिन्यात ते दिवस कापूस वेचणीत आले होते, म्हणून तिला वाटले की कामाने झाले. दुसऱ्या महिन्यात सणात आले, तेव्हा माहेरच्या आठवणीने झाले असे वाटले. कारण दर वेळी काहीतरी सापडतेच. खरे कारण तारखेत होते.

मात्र रेघा महिनाभर सारख्या असतील, मधले चांगले दिवसच नसतील, तर दुखणे वेगळे आहे. मनाचा दुसरा आजार असेल, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा असेल, रक्त कमी असेल. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेलही पुष्कळ आहे, त्याची तपासणी करून घ्यावी. आणि घरात मार बसत असेल तर त्याच्या रेघा कुठल्याच पाळीशी जुळणार नाहीत. त्याला गोळी नाही. तिथे १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन लावायचा.

आता उपचार. रक्ताची साधी तपासणी झाली आणि दिनदर्शिकेने निदान पक्के झाले की डॉक्टर मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करणाऱ्या गोळ्या देतात. फ्लुओक्झेटीन, सरट्रालीन अशी त्यांची नावे आहेत. एरवीच्या उदासीच्या आजारात या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. या दुखण्यात तो पुष्कळदा थोड्याच दिवसांत दिसतो. म्हणून काही बायकांना त्या रोज घ्याव्या लागतात, तर काहींना फक्त पाळीच्या आधीचे दोन आठवडे घेऊन पाळी आली की थांबवता येतात. कोणी कशा घ्यायच्या, किती घ्यायच्या, हे डॉक्टर ठरवतील. शेजारणीच्या गोळ्या घेऊ नका, औषधाच्या दुकानातून नाव सांगून आणू नका. सुरुवातीला मळमळ होते, तोंड कोरडे पडते, काहींची नवऱ्याजवळ जाण्याची इच्छा कमी होते. असे झाले तर लाजून गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना सांगावे, गोळी बदलता येते. दिवस राहिले आहेत किंवा राहावेत अशी इच्छा आहे, तर तेही आधी सांगावे. या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि यांचे व्यसन लागत नाही. वेड्यांच्या गोळ्या म्हणून सासूबाई हिणवतील. सासूबाईंच्या रक्तदाबाची गोळी रोज चालते ना, तशीच ही.

जावे कुठे? आधी आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला सांगा. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग राजुऱ्याचे सरकारी रुग्णालय. पुढे गरज पडली तर बल्लारपूरवरून चंद्रपूर. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा विभाग आहे. तिथे जायचे म्हणजे वेड लागले असा अर्थ नाही. २०२३ सालापासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. खर्र्याला रोज पैसे निघतात, तर महिन्या-दोन महिन्यांनी चंद्रपूरच्या तिकिटालाही निघावेत. जाणे जमतच नसेल तर १४४१६ हा फोन लावा. 'टेलि-मानस' नावाची ही सरकारी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही कोणी उचलते, मराठीत बोलता येते. ज्या बायकांना गोंडी, कोलामी किंवा तेलुगूच बरी येते, त्यांनी आशाताईंना जवळ बसवून घ्यावे.

भगिनींनो, सांगायला लाजू नका. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ते काम १९८९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापून आले. शंभरातल्या ब्याण्णव बायकांना गर्भाशयाचे, अंगावर जाण्याचे किंवा तशाच बाईपणाचे काही ना काही दुखणे निघाले. आणि आधी कधी डॉक्टरांनी आतून तपासले होते अशा बायका शंभरात जेमतेम आठ. ती तपासणी मनाच्या दुखण्याची नव्हती. पण शरीराचे दुखणेच जिथे बाई सांगत नाही, तिथे मनाचे कधी सांगेल?

आता तुमच्या मनात जे प्रश्न आहेत, ते मला माहीत आहेत. बैठकीत विचारत नाहीत, दाराशी येऊन विचारतात.

पहिला प्रश्न, "गर्भाची पिशवीच काढून टाकली तर?" बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने ८२ हजारांहून जास्त बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तिथे कारणे निराळी होती. पण "पिशवी काढली की सगळी कटकट मिटते" ही समजूत इकडेही आहे. पिशवीतून फक्त रक्त जाते. चढ-उतार होतो तो बीजकोशांमुळे, आणि ते आत राहिले तर पाळी थांबूनही मनाचा त्रास दर महिन्याला येतच राहतो. बीजकोशही काढले तर तरण्या वयात म्हातारपण येते, हाडे ठिसूळ होतात. सगळे उपाय थकल्यावर मोठ्या रुग्णालयात विचार करायची ती गोष्ट आहे. कोणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढा" म्हणाले, तर उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

दुसरा, "बायकोची नसबंदी केली तर थांबेल का?" नाही. नळ्या बांधल्याने पाळी थांबत नाही आणि हार्मोनही बदलत नाहीत. तसेच शस्त्रक्रियेनंतर त्रास दिसला तर तो शस्त्रक्रियेने झाला असेही नाही. बहुधा तो आधीपासून असतो आणि बाळंतपणांच्या धामधुमीत झाकलेला असतो. मुले पुरेशी झाली असतील तर नवऱ्याने शस्त्रक्रिया करून घ्यावी. बिनटाक्याची आहे, त्याच दिवशी घरी जाता येते, अंगातली ताकद जात नाही. एवढी बैठक भरली आहे, पण या वाक्याला पुरुषांच्या बाजूने एकही मान हलली नाही, हे मी पाहिले आहे!

तिसरा प्रश्न गोळ्यांचा. माला-एन मध्ये हार्मोनच्या २१ आणि लोहाच्या ७ गोळ्या असतात. हार्मोनच्या गोळ्यांनी या दुखण्याच्या काही जणींना बरे वाटते, काहींची चिडचिड उलट वाढते. आधीच सांगता येत नाही. म्हणून गोळ्या सुरू केल्या तरी दिनदर्शिकेवर खुणा चालू ठेवा, तीन महिन्यांत कळेल. खास या त्रासासाठी वेगळ्या हार्मोनच्या गोळ्याही असतात, त्या डॉक्टरांनी रक्तदाब तपासून, डोकेदुखीची विचारपूस करून द्यायच्या. तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन काहींना मानवते, पण ते एकदा टोचले की परत काढता येत नाही. मन आधीच नाजूक असेल तर ही गोष्ट सिस्टरला आधी सांगा. 'छाया' गोळीत हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा घ्यायची. तांबीचे मघाशी सांगितलेच. साधने पुष्कळ आहेत. एक मानवले नाही तर दुसरे घ्यावे, पण पहिले सोडले आणि दुसरे घेतलेच नाही, असे करू नये. दिवस तिथेच राहतात.

चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, पण गावात चालतो तो तोच. बाई ओरडते, भांडी फेकते, मग म्हणतात की भानामती झाली, बाहेरचे लागले. पाळीच्या आधी हे होते आणि पाळी आली की जाते, त्यामुळे अंगारा लावणाऱ्याचे फावते. अंगारा दिला, चार दिवसांत बाई बरी. ती अंगाऱ्याने बरी झाली नाही, तारखेने झाली! पुढच्या महिन्यात पुन्हा कोंबडा. आणि या खुळात दुसऱ्या कोणाचे नाव घेतले जाते, ते फार वाईट. शेजारच्या जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे २०२१ साली भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांनाही बांधून मारले. त्याविरुद्ध २०१३ सालचा कायदा आहे.

घरात काय करावे, हेही थोडे सांगते. वेळेवर जेवण, पुरती झोप, चहा कमी. दूध, तीळ, नाचणी, शेवग्याची पाने खाण्यात असावीत. कॅल्शियमने काही बायकांचा त्रास कमी होतो, असे १९९८ साली छापलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसले आहे. पण तीव्र दुखणे नुसत्या तिळाने जाणार नाही, हे ध्यानात ठेवा. सगळ्यात जास्त उपयोग नवऱ्याचा होतो. त्या आठ दिवसांत पैशाचा हिशोब काढू नये, माहेरचा विषय काढू नये, शेत विकायचे की ठेवायचे, मुलीचे लग्न कुठे करायचे, असे काही ठरवायचे असेल तर पाळी होऊन जाऊ द्यावी. लेकरांना घेऊन जरा बाहेर जावे. एक वेळचा स्वयंपाक केला तर बिघडत नाही. दारू पिऊन समोर उभे राहू नये. आणि बायकोने काही खरी तक्रार केली तर "पाळी जवळ आली वाटते" असे म्हणून तिला उडवून लावू नये. दिनदर्शिका तिला टोमणे मारण्यासाठी भिंतीवर टांगलेली नाही. त्या दिवसांत बोललेली गोष्टही खरी असू शकते. फक्त आवाज मोठा असतो.

एक गोष्ट मी मुद्दाम उरलेल्या वेळेसाठी ठेवली नव्हती, पण सांगायला जड जाते म्हणून मागे राहिली. त्या बाईला मी नवऱ्याला बाहेर बसवून एकटीला विचारले, या दिवसांत जीव द्यावासा वाटतो का? ती म्हणाली, "दोनदा वाटलं जी. फवारणीचं औषध घरातच असते. दुसऱ्या वेळी लहान्यानं रडून आवाज दिला म्हणून परत फिरली." घरात कोणाला हे माहीत नव्हते. नवऱ्याला तिच्या परवानगीने सांगितले, तेव्हा तो माणूस रडला.

म्हणून ऐका. फवारणीचे औषध राहत्या घरात ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे ठेवा, उरलेले घरी आणूच नका. बाईने "मरून जाते" म्हटले तर ती नाटक करते असे समजू नका. तिला सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. तिला त्या दिवसांत एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा किंवा १४४१६ लावा. काही पोटात गेले असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

त्या जोडप्याचे पुढे काय झाले, ते विचाराल. तिला गोळ्या सुरू झाल्या, पाळीच्या आधीचे दोन आठवडे घेते. पहिल्या महिन्यात मळमळ झाली, म्हणून सोडणार होती, पण सोडली नाही. जादू काही झाली नाही. तीन रेघांचे दिवस गेले, एक रेघेचे दिवस अजून येतात. एका महिन्यात रोवणीच्या घाईत गोळ्या आणायच्या राहिल्या, तर दोन रेघांचे दिवसही परत आले. मग नवरा स्वतः येऊन गोळ्या घेऊन गेला. तांबी आहे तिथे आहे, ती काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

या पत्रकाच्या मागच्या बाजूला दोन महिन्यांच्या चौकटी छापल्या आहेत. भिंतीवर दिनदर्शिका नसेल त्यांनी त्या वापराव्यात. भरलेला कागद उपकेंद्रात आणून दाखवावा. दोघांनी मिळून आलात तर बरे. बाई एकटी आली तरी चालेल.